शोककालीन क्षौरनिषेध : एका नियमसंग्रहाची प्रस्तावना

माझे वडील निवर्तले त्यानंतर दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर मी न्हाव्यापुढे मांडी घालून बसलो. त्याने ओंजळभर पाणी माथ्यावर चोळले, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा दोनदा परजला, आणि घटकाभरात माझे केस व मिशा समोरच्या ओल्या दगडावर पडल्या. स्नान करून वर आलो आणि उघड्या टाळूला वारा लागला, तेव्हा वडील गेले ही गोष्ट, जी तोवर मी लोकांच्या तोंडून नुसती ऐकत होतो, ती मला प्रथमच अंगाने कळली. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला शोक आणि क्षौर यांचे नाते असे अनुभवाने ठाऊक असते: माणूस गेले की केस जातात, आणि डोके पाहून रस्त्यावरचा अनोळखी मनुष्यही ओळखतो की याच्या घरी काय घडले आहे.

म्हणूनच त्याच्याही पुष्कळ आधी, शाळकरी वयात पाहिलेले एक दृश्य माझ्या मनातून कधी गेले नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, पाच-सात घरे होती, आणि त्यांपैकी एका घरातले मास्तर आम्हांला गणित शिकवीत. मास्तर स्वच्छतेचे मोठे भोक्ते. धोतराला डाग नाही, आणि दाढी कातरीने इतकी बारीक राखलेली की जणू पट्टी लावून आखली आहे. त्यांची आई वारली. आठवड्यानंतर ते वर्गावर आले ते आमच्या अपेक्षेप्रमाणे तुळतुळीत डोक्याने न येता होते तसेच आले. पुढे दिवस जात चालले तसतशी ती आखीव दाढी विस्कटू लागली, मानेवर केस उतरले, ओठांवरची मिशी झुपकेदार झाली. रोज सकाळी गावचा न्हावी काखेत धोकटी घेऊन त्यांच्या अंगणावरून जाई, उभा राहून रामराम करी, आणि काही न विचारता पुढल्या घराकडे वळे. महिना झाला, दीड महिना झाला. मग एके संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आमचे हेडमास्तर आणि किराणा दुकानाचे मालक असे दोघे त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हेडमास्तर जरा चढ्या आवाजात म्हणाले, “मास्तर, पुरे झालं आता. पोरं भिऊ लागली वर्गात. उद्या न्हाव्याला अंगणात बसवा.” मास्तरांनी दाढीवरून हात फिरवला, किंचित हसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी त्यांच्या अंगणात बसलेला मी स्वतः पाहिला. वस्तरा त्याने धोकटीतून काढलाही नाही. सगळे काम कातरीने चालले होते.

त्या दोन मित्रांनी आपल्या भाबड्या जिव्हाळ्याने म्हटलेले ते वाक्य दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका धर्मग्रंथात मास्तरांसाठी जणू आधीच लिहून ठेवले होते, हे मला कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. आणि ज्या दिवशी ते कळले त्या दिवसापासून यहुदी धर्मशास्त्राच्या या छोट्याशा प्रकरणाविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला, तोच प्रस्तुत संग्रहाच्या आरंभी चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार होय. याहून मोठा अधिकार माझ्यापाशी नाही.

प्रथम विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे. यहुदी शास्त्र ज्यांच्यासाठी शोक पाळण्याची सक्ती करते असे आप्त सात आहेत: पिता, माता, पुत्र, कन्या, भाऊ, बहीण आणि पती किंवा पत्नी. मृत्यूपासून दफनापर्यंतचा काळ निराळा. त्या वेळी माणसाने दफनाच्या व्यवस्थेखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहू नये, येथवर की नित्याच्या प्रार्थनेतूनही त्याला मोकळीक आहे. दफन झाले की शोकाची मुदत मोजण्यास प्रारंभ होतो. पहिले सात दिवस म्हणजे ‘शिवा’, या दिवसांत मनुष्य घराबाहेर पडत नाही, जमिनीलगत बसतो, कामधंदा बंद ठेवतो. त्यानंतर दफनापासून मोजलेल्या तीस दिवसांपर्यंतचा काळ म्हणजे ‘शलोशीम’, यात तो व्यवहारात परत येतो पण उत्सवात व नटण्यात परत येत नाही. आणि केवळ आईबापांसाठी हा शोक सौम्य रूपाने बारा महिन्यांपर्यंत चालतो. केस व दाढी यांचा निषेध या तिन्ही पायऱ्यांतून जातो. शिवामधले बहुतेक निर्बंध घराच्या चार भिंतींआड पाळले जातात. शोकग्रस्त जेव्हा उंबरठा ओलांडून पेढीवर, शाळेत, बाजारात येतो, तेव्हा त्याच्याबरोबर बाहेर येणारी खूण मुख्यत्वेकरून ही एकच असते.

या नियमाचा उगम मोठा विलक्षण आहे, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांत ‘शोक करणाऱ्याने केस कापू नयेत’ असे सरळ विधान कोठेही नाही. आहे ते त्याच्या उलट. लेवीय नावाच्या तिसऱ्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात निवासमंडपाच्या प्रतिष्ठापनेच्या आठव्या दिवसाची कथा येते: महायाजक अहरोनाचे दोन पुत्र, नादाब आणि अबीहू, अनाज्ञप्त अग्नी घेऊन देवापुढे गेले आणि जागच्या जागी जळून मेले. अहरोन स्तब्ध राहिला, एवढेच ग्रंथ सांगतो. नंतर मोशे त्या पित्याला आणि उरलेल्या दोन भावांना, एलाजार व इथामार यांना, आज्ञा करतो की तुम्ही डोक्याचे केस वाढू देऊ नका आणि वस्त्रे फाडू नका. रडावयाचे ते सगळ्या इस्राएल घराण्याने रडावे. अभिषिक्त माणसे सेवेत होती, आणि सेवेत शोकाला जागा नव्हती. तालमूद या धर्मग्रंथाच्या मोएद कातान या प्रकरणात पंडितांनी यावरून असा निष्कर्ष काढला की ज्या अर्थी या तिघांना मुद्दाम मनाई करावी लागली, त्या अर्थी इतर प्रत्येक मनुष्याने शोकात केस वाढू देणे हाच त्या वेळचा धर्म असला पाहिजे. कायद्याच्या भाषेत याला अपवादावरून नियम सिद्ध करणे म्हणता येईल. परंतु मला त्या युक्तिवादाहूनही त्यामागचा प्रसंग अधिक हलवून सोडतो: सगळ्या जगाला दुःख करण्याची जी मुभा, ती ज्यांना नाकारण्यात आली अशा एका बापाच्या आणि दोन भावांच्या नीट विंचरलेल्या डोक्यांवरून पुढल्या सर्व पिढ्यांच्या शोकाचा नियम ठरला.

तथापि प्राचीन इस्राएलांचा लोकव्यवहार असाच होता असे समजण्याचे कारण नाही. बायबलाच्या इतर भागांत शोकाचे म्हणून जे चित्र येते ते आपल्या घाटावरच्या चित्राशी अधिक जुळते. इयोबाची मुले एका दिवसात मेली तेव्हा त्याने झगा फाडला आणि डोके भादरले. आमोस संदेष्टा येणाऱ्या अरिष्टाचे वर्णन करताना प्रत्येक डोक्यावर टक्कल येईल असे म्हणतो. यिर्मयाच्या ग्रंथात दाढ्या मुंडलेले, वस्त्रे फाडलेले ऐंशी पुरुष देवाच्या मंदिराकडे अर्पणे घेऊन निघालेले दिसतात. असे असूनही अनुवाद या पाचव्या ग्रंथाचा चौदावा अध्याय मृतासाठी अंगावर जखमा करून घेण्यास आणि डोळ्यांच्या मधल्या जागी, म्हणजे कपाळावरच्या भागी, टक्कल पाडण्यास स्पष्ट बंदी करतो. मृतासाठी स्वतःच्या देहाची नासाडी करू नये, हा त्यातला आशय. या दोन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या म्हणजे पुढील धर्मशास्त्राची दिशा ध्यानात येते. केस उपटून, मुंडून, देहावर घाव घालून दुःख प्रकट करण्याचा मार्ग बंद झाल्यावर केसांच्या बाबतीत शोकग्रस्ताला करण्यासारखे एकच उरले, आणि ते म्हणजे काही न करणे. तो हात आखडून बसतो; केस आपल्या गतीने वाढतात. आपल्याकडेही सुतकाच्या दहा दिवसांत नखे-केस काढीत नाहीत आणि दहाव्या दिवशी क्षौर करतात, हे लक्षात घेतले तर दोन्ही परंपरांच्या पहिल्या पावलात साम्य आहेच. फरक असा की आपण त्या थांबण्याचा शेवट पूर्ण मुंडनाने करतो आणि तेच शोकाचे चिन्ह मानतो, तर यहुदी शास्त्र थांबण्यालाच चिन्ह मानते आणि केस कापणे म्हणजे त्या चिन्हाची समाप्ती असे समजते.

तीस हा आकडा कोठून आला, याचा दाखलाही तालमूद देते. लेवीयातील त्या प्रसंगी वाढलेल्या केसांसाठी जो शब्द आला आहे त्याच धातूचा शब्द गणना या चौथ्या ग्रंथात नाजीर व्रत घेणाऱ्याविषयी आला आहे. नाजीर मनुष्य केस वाढू देतो, आणि ज्याने मुदत न सांगता व्रत घेतले त्याचे व्रत तीस दिवसांचे धरतात. हे तीस कशावरून, तर त्याच वचनातील ‘यिहयेह’ या क्रियापदाच्या चार अक्षरांचे अंकमूल्य दहा, पाच, दहा, पाच असे मिळून तीस भरते. आपल्या ज्योतिष व गणित ग्रंथांतील कटपयादि पद्धती ज्यांना परिचित आहे त्यांना अक्षरांतून अंक वाचण्याचे नवल वाटणार नाही. मला स्वतःला मात्र या गणितापेक्षा दुसरा पुरावा अधिक पटतो. अहरोनासाठी लोकांनी तीस दिवस विलाप केला, मोशेसाठी तीस दिवस केला, आणि युद्धात धरून आणलेल्या परक्या स्त्रीलाही आपल्या आईबापांसाठी एक महिनाभर रडू द्यावे, असा हुकूम त्याच तोरामध्ये आहे. अक्षरांचे अंक मोजण्यापूर्वीच त्या समाजाच्या हाडात दुःखाचा महिना मोजला गेलेला होता.

मोएद कातानच्या तिसऱ्या अध्यायाची रचना अभ्यासकाने अवश्य पाहावी. तो अध्याय शोकाने सुरूच होत नाही. सणाच्या मधल्या दिवसांत कोणाला केस कापण्याची परवानगी आहे, या प्रश्नाने तो सुरू होतो. सामान्य माणसाला त्या दिवसांत बंदी, आणि कारण असे की बंदी असली म्हणजे तो सणाच्या आदल्या दिवशीच केस कापून नीटनेटका होऊन सणात प्रवेश करील. ज्यांना आधी कापणे शक्यच नव्हते त्यांना मात्र सवलत: समुद्रापलीकडून आलेला, कैदेतून सुटलेला, तुरुंगातून मोकळा झालेला, बहिष्कारातून पंडितांनी मुक्त केलेला, व्रत संपलेला नाजीर, आणि कुष्ठासारख्या अशौचातून शुद्ध झालेला. या यादीतला प्रत्येक मनुष्य कोठून तरी परत आलेला आहे. आणि त्याच अध्यायात, जवळजवळ त्याच श्वासात, शोकाचे नियम येतात. कारण सण आला की शोक रद्द होतो. सणापूर्वी शिवा पुरी झालेली असेल तर सण शलोशीमचे उरलेले दिवस बाद करतो, आणि शोकग्रस्ताला सणाच्या पूर्वसंध्येस केस कापता येतात. एका घराचे दुःख संपूर्ण समाजाच्या आनंदापुढे मागे सरते, हा या शास्त्राचा ठाम दंडक आहे. तो कठोर वाटेल त्याने हेही पाहावे की ज्याचे दिवस असे कमी झाले त्याला सणाच्या पंगतीत सर्वांसारखा चेहरा घेऊन बसता यावे, याचीच ती तजवीज आहे.

तपशिलाचे नियम पुढील पानांत क्रमवार दिलेलेच आहेत, तेव्हा येथे त्यांचा ओझरता निर्देश पुरे. निषेध केवळ डोक्याच्या केसांना नसून दाढीला आणि शरीरावरच्या सर्व केसांना आहे. मिशी तोंडात येऊन जेवणास अडथळा होत असेल तर सात दिवसांनंतर ती कातरण्यास हरकत नाही. नखे हत्याराने काढू नयेत, हाताने मोडली तर चालते. कंगव्याने केस विंचरणे सात दिवसांतही मना नाही, आणि ही बाब मी मुद्दाम नोंदवतो. गचाळपणा हा या नियमाचा हेतू असता तर विंचरण्याची परवानगी कोणी दिली नसती. तीस दिवस म्हटले तरी दिवसाचा अंश पूर्ण दिवसासारखा धरत असल्याने तिसाव्या दिवशी सकाळीच मुदत भरते. स्त्रियांच्या बाबतीत, ‘शुल्हान आरूख’ या १५६५ साली व्हेनिस येथे छापल्या गेलेल्या संहितेचा कर्ता, गालीलातील सफेद गावचा योसेफ कारो, सात दिवसांनंतर मोकळीक देतो. क्राकोव्हचा मोशे इस्सर्लेस कडक मताचीही नोंद करतो. ज्या भूमीत विधवेचे केस बळाने उतरवले गेले त्या भूमीतल्या वाचकाने या वादाचा विषय किती सौम्य आहे हे ध्यानात घ्यावे. वस्तऱ्याची गोष्ट मात्र शोकाशी संबंधित नाही: लेवीयाचा एकोणिसावा अध्याय दाढीच्या कोपऱ्यांची नासाडी करण्यास सदासर्वकाळ बंदी करतो, आणि पंडितांनी त्याचा अर्थ दाढीवर वस्तरा न चालवणे असा लावला. आमच्या मास्तरांच्या अंगणात धोकटीतच राहिलेल्या वस्तऱ्याचे कोडे मला इथे उलगडले.

एका नियमापाशी मात्र मी प्रत्येक वेळी थांबतो. एखाद्यावर एका शोकामागून दुसरा शोक कोसळला, एकाचे तीस दिवस संपतात न संपतात तोच घरातले दुसरे माणूस गेले, तर केसांचा भार वाढतच जाणार. त्याने काय करावे? तालमूद म्हणते की त्याने केसांचा भार हलका करावा. कसा, तर कातरीने नव्हे, सुरीने किंवा वस्तऱ्याने. आणि वस्त्रे धुवायची ती नुसत्या पाण्याने, क्षार वा वाळू लावून नव्हे. म्हणजे केस कमी व्हावेत पण केशरचना होऊ नये. कापड स्वच्छ व्हावे पण उजळू नये. साथीच्या दिवसांत एकेका वाड्यातून महिन्यात तीन-तीन तिरड्या निघालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा नियम करणाऱ्या माणसांनी कोणती घरे डोळ्यांपुढे ठेवली असतील हे सांगावे लागणार नाही. शास्त्राची सक्ती आणि देहाची सोय यांच्यामध्ये, सुरी आणि कातर यांच्यातल्या फरकाएवढी अरुंद वाट त्यांनी शोधून काढली, आणि त्या वाटेने दुःखी माणसाला चालवत नेले.

आता आईबापांच्या शोकाकडे येतो. इतर पाच आप्तांसाठी तीस दिवस झाले की केस कापावेत. पिता किंवा माता यांच्यासाठी तीस दिवसांनंतरही थांबावयाचे, आणि किती थांबावयाचे याची मुदत दिवसांत सांगितलेलीच नाही. मुदत अशी आहे: मित्र रागे भरेपर्यंत. मित्रांनी म्हणावे की तू आता पाहवत नाहीस, आणि मग कापावेत. प्रत्यक्ष कोणी बोललेच पाहिजे, की बोलण्याजोगी वाढ झाली म्हणजे पुरे, याची पुढील पंडितांनी पुष्कळ चर्चा केली. इस्सर्लेसने तीन महिन्यांचा प्रघात नमूद केला. काही ठिकाणी पूर्ण बारा महिने न कापण्याचीही वहिवाट आढळते. या साऱ्या मतभेदांना आपापले स्थान आहे. पण मूळ नियमातली दृष्टी या आकड्यांनी झाकली जाऊ नये असे मला मनापासून वाटते. आईबाप गेलेल्या माणसाला आपण किती दुःख करावे हे स्वतः ठरवता येत नाही. लवकर आटोपले तर आपणच आपल्याला अपराधी वाटतो, आणि लांबवावे तर त्याला अंत सापडत नाही. दिवसांचा हिशेब त्याला आज्ञेत ठेवू शकेल, पण त्या अपराधी भावनेतून सोडवू शकणार नाही. म्हणून शास्त्राने हा निर्णय त्याच्या हातातून काढून घेतला आणि शेजारी बसणाऱ्या, रोज त्याचा चेहरा पाहणाऱ्या माणसांच्या हाती दिला. ज्याला कोणी रागे भरणारे नाही त्याचे काय, हा प्रश्न मनात येतोच. आणि मग जाणवते की हा नियम करणाऱ्यांनी असे गृहीत धरले होते की प्रत्येक माणसाला असे कोणी तरी असते, किंवा निदान असले पाहिजे.

खाजगी शोकाप्रमाणे सार्वजनिक शोकातही केसांना बंदी आहे, आणि दोहोंचा संबंध समजल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. यरुशलेमचे पहिले मंदिर बाबिलोनच्या नबुखद्‌नेस्सराने आणि दुसरे इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जाळले. दोन्हींचा स्मृतिदिन आव महिन्याची नवमी. या नवमीच्या आठवड्यात केस कापू नयेत व कपडे धुऊ नयेत, असे मिश्नाने, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेने, सांगितले आहे. सफारदी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेची, बहुतेक मंडळी एवढेच पाळतात; जर्मनी-पोलंडच्या अश्केनाझी परंपरेने मात्र नगराचा तट फुटल्याच्या, तम्मूज महिन्याच्या सतराव्या दिवसापासून पूर्ण तीन आठवडे निषेध धरला. दुसरा काळ पेसाह आणि शावुओत या सणांमधल्या एकोणपन्नास दिवसांचा, ज्याला ओमेरची गणना म्हणतात. रब्बी अकीबाचे चोवीस हजार शिष्य या दिवसांत दगावले असे तालमूद सांगते, आणि मृत्यूची लाट तेहतिसाव्या दिवशी थांबली अशी परंपरा असल्याने काही लोक त्या दिवशी, तर कारोच्या मताचे लोक चौतिसाव्या सकाळी, केस कापतात. गालीलातील मेरोन येथे याच तेहतिसाव्या दिवशी तीन वर्षांच्या मुलांचे जावळ काढण्याचा सोहळा होतो. महिनाभर बंद असलेली कातर ज्या दिवशी उघडते तोच दिवस त्या मुलांच्या पहिल्या केशकर्तनाचा.

विसाव्या शतकात रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून कचेरीत जाणे ज्यांना प्राप्त झाले अशा लोकांनी या नियमांपुढे नवे प्रश्न उभे केले. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइन्स्टाइन (१८९५–१९८६) यांनी, दाढी न केल्यामुळे ज्याच्या उपजीविकेला खरोखर धक्का बसेल अशास तीन आठवड्यांच्या काळात सवलत दिली. बोस्टनचे रब्बी योसेफ सोलोव्हेइचिक (१९०३–१९९३) यांचा विचार अधिक मूलगामी आहे. त्यांनी असे दाखवले की खाजगी शोक तीव्रतेकडून सौम्यतेकडे, सातांवरून तिसांकडे आणि तिसांवरून बारा महिन्यांकडे उतरतो, तर मंदिरासाठीचा शोक उलट पायऱ्यांनी चढतो: तम्मूजच्या सतराव्यापासून आवच्या आरंभापर्यंत तो बारा महिन्यांच्या शोकासारखा, पुढे नवमीपर्यंत शलोशीमसारखा, आणि नवमीला शिवासारखा. आणि बारा महिन्यांच्या शोकात मित्रांच्या रागावण्याने केस मोकळे होत असतील, तर जो रोज दाढी करतो, ज्याची दोन दिवसांची खुंटेही इतरांना खटकतात, त्याला चढणीच्या त्या पहिल्या टप्प्यात मनाई लागू होत नाही. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही. परंतु एका शाळकरी मुलाने शाळेच्या ओट्यावर ऐकलेले मित्राचे रागावणे एवढ्या दूरवर एका राष्ट्रीय शोकाचा अर्थ लावण्यास उपयोगी पडावे, हे मला या शास्त्राच्या जिवंतपणाचे लक्षण वाटते.

आपल्या बेने इस्राएलांविषयी दोन शब्द. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या या समाजापाशी दीर्घकाळ ग्रंथ नव्हते. शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि काही उपास एवढे त्यांनी स्मृतीने जपले. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने त्यांच्या पुरुषांच्या कानांवर राखलेल्या केसांच्या बटांची नोंद घेतली आहे. म्हणजे डोक्याच्या कोपऱ्यांविषयीची लेवीयातली आज्ञा, ग्रंथ हाती नसतानाही, न्हाव्याच्या हाताखाली टिकून राहिली होती. आवच्या नवमीला ते ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. वालाच्या बिरड्याचे नाव या उपासाला का लागले, यावर मला सुचते ते असे की यहुदी परंपरेत मसुरीसारखी डाळ हे शोकाचे अन्न मानले आहे, आणि कोकणच्या घरात डाळीची जागा वालाने घेतली असावी. हे माझे अनुमान आहे, शास्त्र नव्हे. मुंबईत १७९६ साली सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, बांधली. पुढे कोचीनहून शिक्षक आले, मराठीत प्रार्थनेची व विधींची पुस्तके निघाली, आणि स्मृतीत तग धरून राहिलेल्या वहिवाटीला ग्रंथांचा आधार मिळाला. प्रस्तुत संग्रह त्याच मालिकेतला आहे, आणि तो मराठीत आहे याचा मला विशेष आनंद आहे; कारण ज्या भाषेत माणूस घरी रडतो त्या भाषेत त्याला शोकाचे नियम वाचायला मिळाले पाहिजेत.

वाचकांस एक सूचना करणे अवश्य आहे. या पुस्तकातील नियमांमध्ये एका गावाचा शिरस्ता दुसऱ्या गावाहून, एका परंपरेचा निर्णय दुसरीहून भिन्न असल्याचे जागोजाग दिसेल; तेव्हा ज्याच्या घरी प्रत्यक्ष प्रसंग ओढवला असेल त्याने पुस्तकावर विसंबून न राहता आपल्या मशिदीच्या हझानाला किंवा जाणत्या रब्बीला विचारून मगच वागावे. आणि ज्याच्या स्वतःच्या घरी काही झालेले नाही, पण ज्याच्या शेजाऱ्याचे वा सोबत्याचे आई किंवा वडील नुकतेच गेले आहेत, त्याने आईबापांच्या शोकाचे प्रकरण सगळ्यांत आधी वाचावे. त्यात त्याच्याकडे सोपवलेले एक काम लिहिलेले आहे.